कुंदाचे फर्मे

तेरावा फर्मा सुटला आहे. आधीचे बारा अजून दोऱ्याला धरून आहेत, पण शेवटची सोळा पानं पुस्तकातून अर्धी बाहेर आली आहेत. पुस्तक माझ्या मांडीवर आहे आणि दोन दिवस मी त्याला सुई लावलेली नाही. प्राचीने दोनदा विचारलं, “आई, एवढं एकच राहिलंय ना?” मी हो म्हटलं. काय अडलंय ते तिला सांगता येईना, म्हणून इथे लिहून बघते. हे कुणाला दाखवायचं नाही.

प्राची माझी सून. नायगावच्या जुन्या चाळी पाडायला घेतल्या आहेत आणि तिथल्या मंडळाचं वाचनालय नव्या इमारतीतल्या खोलीत जायचं आहे. फाटकी पुस्तकं न्यायची की रद्दीत द्यायची, असा तिथे प्रश्न पडला होता. प्राचीने मला न विचारता सांगून टाकलं, आमच्या आईंना येतं बांधायला.

“अगं, चाळीस वर्षं झाली. हात राहिला असेल का आता?”

“मग बघा ना राहिलाय का. नाहीतर दिवसभर माझ्या आमटीत मीठ शोधत बसता.”

नऊ पुस्तकं आली. आठ झाली. नववं हे. त्याला चांगलं भारदस्त नाव आहे, पुढे फार नावाजलं, कॉलेजात लावलं म्हणे. पण आमच्या बायंडिंगमध्ये फर्मे आधी यायचे आणि वेष्टन सगळ्यात शेवटी, त्यामुळे काम चालू असताना पुस्तकाचं नाव आम्हाला ठाऊकच नसायचं. आम्ही याला चंद्राचं काम म्हणायचो.

फर्मा म्हणजे छापखान्यातून येणारा मोठा कागद. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापलेली असतात, अर्धी सुलट, अर्धी उलटी, शेजारीशेजारी पण भलत्याच क्रमाने. तीन घड्या घातल्या की सोळाही पानं एकामागून एक रांगेत येतात. ही घडी घालायची, हाडाच्या पट्टीने दाबायची आणि पुढचा कागद ओढायचा. त्याला फर्मा मोडणं म्हणतात. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढे थोडी मोठी झाल्यावर मी गिरगावात फर्मे मोडायला जाऊ लागले.

एका वाडीच्या तळमजल्यावर ते बायंडिंग होतं. पायरी चढायच्या आधी वास यायचा, शिजवलेल्या खळीचा. कसर लागू नये म्हणून मैद्यात मोरचूद घालायचे, त्यामुळे खळ निळसर दिसायची आणि घशाला धरायची. त्यात ताज्या शाईचा रॉकेलसारखा वास, आणि त्यावर कोणाच्या तरी डब्यातला सुका बांगडा. आम्ही नऊ-दहा बायका चटईवर ओळीने बसायचो. उन्हाळ्यातही पंखा लावायचा नाही, कागद उडतात. दाराने चुकून झुळूक आली तरी सगळ्यांचे तळवे एकदम आपापल्या गठ्ठ्यावर पडायचे. वारा आला की आनंद व्हायच्या आधी हात जायचा. ती खोड माझी अजून गेलेली नाही. घरी पंखा फिरला तरी मी वर्तमानपत्रावर हात ठेवते.

पावसाळ्यात कागद फुगायचा, घडी फुगीर राहायची, खळ वाळायची नाही. श्रावणापासून दिवाळी अंकांची झुंबड उडायची आणि बोटांची पेरं काळी व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कटिंग मशीनच्या पात्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. त्या एका दिवशी पातं हलायचं नाही. त्या शांततेत मला कसंतरीच व्हायचं, घरातलं कोणीतरी बोलायचं थांबलंय असं.

कुंदा माझ्या शेजारी बसायची. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, लग्न झालेली, नायगावच्या चाळीत राहायची. मी भोईवाड्याची, त्यामुळे बस एकच. तिचं मराठी मालवणी वळणाचं, वाक्याच्या शेवटी गो लागायचाच. मिस्त्री, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारे म्हातारे गृहस्थ, गठ्ठे वाटताना एक, तीन, पाच असे विषम आकड्यांचे फर्मे मला द्यायचे आणि दोन, चार, सहा तिला.

“ही विषम आणि ती सम,” मिस्त्री म्हणायचे. “दोघी मिळून एक पुस्तक. बोलताय काय, मोडा!”

तेव्हापासून तिने मला विषमबाय म्हणायला सुरुवात केली. मी तिला समबाय म्हणायचे, पण हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं. मोठ्याने कोणाला हाक मारणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

एक फर्मा दिवसभर पुरायचा, कधी दीड दिवस. म्हणजे तीच सोळा पानं, हजारदा. प्रत्येक घडीला एक ओळ वाचायची. संध्याकाळपर्यंत सगळा फर्मा पाठ. पण मधला फर्मा कुंदाकडे, त्यातलं मला काहीच कळायचं नाही. म्हणून डबा खाताना आम्ही गोष्ट जोडायचो. मी माझं सांगायची, मग ती तिचं.

माझ्या फर्म्यांत चंद्राच्या पोटात खोदलेलं एक गाव होतं. वर काळं आभाळ आणि त्यात टांगलेली पृथ्वी. गावात वारा नाही, हवा यंत्रातून यायची. प्रत्येक गल्लीत झरोक्याला कापडाची पट्टी बांधलेली. पट्टी हलली की हवा आहे. यंत्र सांभाळणारा माणूस, त्याला पुस्तकात नुसतं यंत्री म्हटलंय. एक दिवस पट्ट्या हळू हलायला लागतात आणि तो कंदील घेऊन शोधायला निघतो, हवा जाते कुठे.

“आणि तुझ्यात?”

कुंदा भाताचा घास थांबवायची. “माझ्यात त्याची बायको असा.”

तिच्या फर्म्यांत नेहमी ती बायकोच असायची. यंत्री कामाला जाताना खोलीचं दार बाहेरून लावून जायचा आणि हवेची चावी पिळायचा. जेवढी लागेल तेवढीच हवा सोडायचा, जास्त नाही. ती दाराच्या फटीला नाक लावून बसायची. पाणी नाही म्हणून कपडे धुळीत घासायची. भिंतीपलीकडे कोणीतरी गायचं, ते ती मोजून ऐकायची, कारण गाणं ऐकताना श्वास जास्त लागतो. हे मला फार आवडलं होतं. गाणं ऐकताना श्वास जास्त लागतो. मी म्हटलंसुद्धा, लिहिणाऱ्याला कसं सुचलं असेल गं. कुंदा तोंडावर हात धरून हसली.

“लिवणारो शाणो आसतलो,” म्हणाली.

आठव्या फर्म्यात त्या बाईने एक पट्टी फाडून आपल्या फटीला बांधली. दहाव्यात ती पट्टी एकदाच हलली. मला रात्री अंथरुणात ती पट्टी दिसायची. माझा यंत्री तिकडे कंदील घेऊन बोगदे फिरतोय आणि घरात ही. त्याला कळत कसं नाही, याचा मला राग यायचा.

एका दुपारी काम संपलं म्हणून आम्हाला तीन वाजता सोडलं. मी कुंदाबरोबर नायगावला उतरले. तिच्या चाळीच्या जिन्यावर ती बसली.

“वर नाही जायचं?”

“चावी नाय माज्याकडे. तू जा गो. मी बसतंय हय.”

“कधीपर्यंत?”

“सव्वासहापर्यंत. येतलो तो.”

मी गेले. एवढंच. घरी जाऊन मी आईला म्हटलं, कुंदा किती हुशार आहे, सगळा फर्मा तोंडपाठ सांगते.

बाराव्या फर्म्याच्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. म्हणाली, “आता ती दाराशी उभी असा. तो चावी विसरून गेलो. कडी लावली का नाय लावली, तिका म्हायत नाय. भायेर हवा असा का नाय, ताय म्हायत नाय. उघडून बघूक गेली आणि भायेर काय नसला तर?”

“मग?”

“मग काय? बारावो संपलो. तेराव्यात काय ता तू बघ.”

तेरावा नुकताच छापखान्यातून आला होता. कोपऱ्यात गठ्ठा तसाच बांधलेला. मिस्त्री चहाला गेले होते.

“उद्या मिळेलच ना मला मोडायला.”

“उद्या नको. आज बघ. दाराचा काय झाला ता.”

मला इतकी भीती वाटत होती की कागद ओढताना कोपरा फाटला. मोठा कागद मी तसाच गुडघ्यावर धरला. दार हा शब्द शोधत गेले. एका पानाच्या अगदी खाली सापडला. ‘त्याने मागे वळून पाहिलं. दार’ आणि पान संपलं. मी शेजारच्या पानावर गेले आणि वाचलं, ‘उघडंच होतं. पलीकडून वारा येत होता.’

“दार उघडंच होतं,” मी कुंदाला सांगितलं. “पलीकडून वारा येत होता.”

“वारो? नक्की?”

“नक्की. छापलंय.”

“आणि बाय?”

“ती नाही दिसत कुठे.”

“मगे गेली ती,” कुंदा म्हणाली. आणि डबा उघडून भराभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मिस्त्री म्हणाले, “काय विषम, तुझी जोडीदारीण पळाली की काय?” बायका हसल्या. एक जोडीच मोडली म्हणून त्यांनी मला घडीवरून उठवून शिवणीला बसवलं. तेरावा फर्मा दुसऱ्याच कोणी मोडला. मी चंद्राचं काम शिवलं, सुई उघड्या फर्म्यातून आत-बाहेर करत, पण शिवताना वाचता येत नाही, सुईकडे बघावं लागतं. बांधलेलं पुस्तक मागायची हिंमत मला कुठून असणार. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. कुंदाच्या चाळीवरून बसने कितीदा गेले असेन. जिन्याकडे बघायची, उतरले कधीच नाही.

आणि आता हे मांडीवर आलं. शेवटचा टाका दुहेरी आहे, मी तसाच घालायची. आणखी दोघी घालायच्या, त्यामुळे मीच शिवलेलं असेल असं नाही.

बांधायच्या आधी पहिल्यांदाच ते क्रमाने वाचलं. पहिला फर्मा जुन्या ओळखीचा निघाला, ओठ आपोआप हलले. मग सतरावं पान आलं. इथून कुंदाचं. मी त्या बाईची वाट बघत वाचत गेले. यंत्र कसं बनवलं, किती दाब, किती नळ्या. बाई आली नाही. विसाव्या पानावर एक ओळ आहे, यंत्र्याची बायको पृथ्वीवरच राहिली होती. बस. चौथ्या फर्म्यात नाही, सहाव्यात नाही. धुळीत घासलेले कपडे नाहीत, भिंतीपलीकडचं गाणं नाही. मला वाटलं पानं गळली आहेत. आकडे तपासले. सगळी आहेत.

मी चष्मा पुसून परत वाचलं. मग मला एकेक आठवायला लागलं. गावाहून पत्र आलं की कुंदा म्हणायची, डोळ्यात खळ गेली गो, तू वाच. बसची पाटी नेहमी मलाच विचारायची. आकडे मात्र तिला येत होते, घडीला तेवढेच लागतात. वर्षभर शेजारी बसून मला कळलं नाही की तिला वाचता येत नव्हतं.

मग ती मला कुठला फर्मा वाचून दाखवत होती? सव्वासहाची चावी, बाहेरून लावलेलं दार, फटीला लावलेलं नाक. मी डबा खात ऐकत होते आणि लिहिणाऱ्याचं कौतुक करत होते.

तरी मनाला म्हटलं, दार उघडं होतं हे तर पुस्तकातलं होतं, ते मी स्वतः वाचलं. तेरावा सुटलेलाच होता. एकशे शहाण्णव पान, तळाशी, ‘त्याने मागे वळून पाहिलं. दार’. समोरचं पान, एकशे सत्त्याण्णव. ‘घट्ट बंद होतं.’

मग फर्म्याच्या आतल्या दोन घड्या काढून बाजूला ठेवल्या. उरलेल्यात एकशे शहाण्णव आणि दोनशे पाच शेजारीशेजारी आली, छापखान्यातून येतात तशी. दोनशे चारच्या तळाला ‘यंत्राचं तोंड’ असं आहे. दोनशे पाच सुरू होतं, ‘उघडंच होतं. पलीकडून वारा येत होता.’ मोडलेल्या फर्म्यात या दोन पानांमध्ये आठ पानं येतात. न मोडलेल्यात ती एकमेकांना चिकटून असतात. फर्मा मोडणाऱ्या बाईने कधीही करू नये अशी चूक मी केली होती. आणि वर म्हटलं होतं, छापलंय.

यंत्राचं तोंड उघडं होतं. दार बंद होतं. आणि माझ्या शब्दावर कुंदाने कुठलं दार उघडलं, बाहेर तिला हवा मिळाली की नाही, मला माहीत नाही.

तेवढ्यात ते दिसलं. एकशे शहाण्णव पानाच्या तळाशी, शिवणीच्या अगदी कडेला, पुस्तक अगदी सपाट दाबून उघडल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, पेन्सिलीने. अक्षरं मोठी, वेडीवाकडी, नवीन शिकलेल्या हाताची. रेघ कुठे जोडलेली, कुठे तुटलेली.

विषमबाय दार बंद होता गो.

या नावाने मला फक्त कुंदाच हाक मारायची. म्हणजे ती वाचायला शिकली. म्हणजे हे पुस्तक तिच्या हातात आलं होतं, नायगावातच. मग ती गेलीच नव्हती का? की जाऊन परत आली? आणि हे रागाने लिहिलंय की हसून? अक्षरातून आवाज येत नाही. मी कुंदाच्या आवाजात ते वाक्य कितीदा म्हणून पाहिलं. एकदा ती तोंडावर हात धरून हसतेय असं येतं. एकदा जिन्यावर बसली आहे असं येतं. गो या एका अक्षरावर मी दोन दिवस अडकले आहे. तोडून टाकलेल्या माणसाला कोणी गो म्हणत नाही, असं वाटतं. पण तिला सवयच होती. मिस्त्र्यांना शिव्या देतानाही शेवटी गो यायचा.

आज नायगावला जाऊन आले. वाचनालय बघणारे दळवी सत्तरीचे आहेत, जन्म तिथल्याच चाळीतला. विचारायचं घरून ठरवून गेले होते, तरी दारात दहा मिनिटं उभी राहिले.

“कुंदा?” दळवी म्हणाले. “कुंदा तीन होत्या आमच्याकडे. आडनाव काय?”

आडनाव मला माहीत नव्हतं. आम्हाला आडनावं नव्हतीच तिथे.

“बरं, दिसायला कशी?”

“सावळी. हसताना तोंडावर हात धरायची.”

“अहो ताई, तेव्हा सगळ्याच तशा हसायच्या.” मग डोकं खाजवून म्हणाले, “एक गावाला गेली. एक वारली. आणि एक अशीच कुठेतरी निघून गेली, काही वर्षांनी परत दिसायला लागली. इथे संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा, त्याला यायची. की ती गावाला गेलेली होती? थांबा, माझाच घोळ होतोय.”

“वारलेली कुठली?”

“तेच तर आठवत नाहीये.”

मी घरी आले आणि हे लिहायला बसले. लिहून कळेल असं वाटलं होतं. कळलं नाही. प्राचीने चहा आणून ठेवला, पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली.

वरचं सगळं कालचं. आज सकाळी सुई ओवली. हात अजून आहे, गाठ न बघता मारता येते. तेरावा फर्मा पुढ्यात घेतला. आतल्या दोन घड्या परत आत ठेवायला उचलल्या आणि ठेवल्या नाहीत. त्या बाहेरच्या बाजूला घातल्या आणि एकशे शहाण्णव-दोनशे पाचची घडी मधोमध बसवली. म्हणजे एका पानावर कुंदाचं अक्षर, आणि समोरच्या पानाची पहिली ओळ, उघडंच होतं, पलीकडून वारा येत होता. मग चार टाके घातले. शेवटचा दुहेरी. हे बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. ज्या एकीला कळेल ती हे पुस्तक कधी उघडेल, तेही कळत नाही. शिवण जरा सैल ठेवली आहे, कडेचं पेन्सिलीचं दिसेल एवढी.

दुपारी नऊच्या नऊ पुस्तकं नव्या खोलीत नेऊन दिली. रंगाचा वास होता, वर नवा पंखा जोरात फिरत होता. दळवींनी एकेक पुस्तक उघडून पाहिलं. शेवटच्यावर थांबले.

“ताई, इथे पानं मागेपुढे लागलीत. चुकून झालं वाटतं. उसवून परत करता का?”

आयुष्यात मला कोणी काही सांगितलं आणि मी केलं नाही, असं फारसं झालेलं नाही.

“चुकून नाही,” मी म्हटलं. “राहू दे तसंच.”

त्यांनी पुस्तक तिथेच टेबलावर उघडं ठेवलं आणि बाकीची फळीवर लावायला घेतली. पंख्याच्या वाऱ्याने दोनशे पाच पान उचललं. माझा तळवा सवयीने पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि पान हलू दिलं.